पायऱ्यांवरची दहा मिनिटं

मिस्त्रीच्या तोंडातून शब्द काढायचा तर पक्कड लागते, असं त्याची बायको चारचौघांत सांगायची, आणि तो त्यावरही काही बोलायचा नाही. लिफ्ट दुरुस्तीत त्याची चोवीस वर्षं गेली होती, त्यातली बावीस एकाच जोडीदाराबरोबर. जोडीदार अंगाने काटक, म्हणून तो केबिनच्या छतावर उभा राहायचा. मिस्त्री सगळ्यात वर, मोटरीच्या खोलीत, बटणापाशी. खालून "थांब" आलं की थांबवायचं, "घे वर" आलं की वर घ्यायचं. का आणि कशाला, हे विचारायचं नाही. ज्याचा जीव धोक्यात, त्याचा शब्द शेवटचा. या एका नियमावर दोघांचीही दहाच्या दहा बोटं शाबूत राहिली होती.

दरवर्षी एका शनिवार-रविवारी हे दोघं आणि त्यांचा इलेक्ट्रिशियन मित्र समुद्राकाठच्या एका खेड्यात जायचे. या मित्राला सगळे फ्यूज म्हणायचे, कारण तो क्षणात उडायचा. टेकडीच्या माथ्यावर भाड्याचं दोन खोल्यांचं घर होतं आणि तिथून वाळूपर्यंत दगडी पायऱ्या उतरत होत्या. मासे भाजायचे, पत्ते कुटायचे, एकमेकांची खेचायची, एवढाच कार्यक्रम.

या वर्षी जोडीदार नव्हता. नऊ महिन्यांपूर्वी एका सकाळी तो घरातच गेला. यंदा जायचं की नाही यावर मिस्त्री आणि फ्यूज यांची टोलवाटोलवी चालली असताना जोडीदाराच्या बायकोचा, म्हणजे वहिनींचा निरोप आला की यांच्या जागी मी येते, ते घर मला एकदा बघायचंय. नाही कोण म्हणणार? सोबतीला मिस्त्रीची बायकोही निघाली. मिस्त्रीला मात्र तेव्हापासून त्या पायऱ्या आठवत होत्या.

झालं होतं असं. मागच्या वर्षी त्या पायऱ्या चढताना जोडीदार मध्येच मटकन खाली बसला. चेहरा पांढराफटक, शर्ट घामाने चिंब, डावा दंड उजव्या हाताने दाबून धरलेला. फ्यूज केव्हाच वर पोचला होता. दहाएक मिनिटांनी चेहऱ्यावर रंग आला तसा जोडीदार म्हणाला, "घरी बोलू नकोस. मी दाखवून घेतो डॉक्टरला." मिस्त्रीने मान हलवली. त्या आवाजातली सूचना त्याने बावीस वर्षांत मोडली नव्हती. पुढे एकदा त्याने विचारलं, तेव्हा दाखवलं, सगळं ठीक आहे, असं उत्तर मिळालं. हा थापा मारतोय हे मिस्त्रीला कळत होतं. तरी तो गप्प बसला, आणि तीन महिन्यांत जोडीदार गेला.

शनिवारी पोचल्या पोचल्या वहिनींनी घर पाहिलं. हे कुठल्या पलंगावर झोपायचे, कुठे बसून पत्ते खेळायचे, चहा कोण करायचं, सगळं विचारलं. फ्यूज बिचारा वातावरण हलकं करायला एकामागून एक जुने विनोद सांगत सुटला, आणि स्वतःच हसत राहिला.

जेवताना वहिनी अचानक बोलायला लागल्या. त्या सकाळी हे छातीत जळजळतंय म्हणाले. मी म्हटलं, पित्त असेल, कितीदा चहा ढोसता! गोळी दिली आणि पडून राहा म्हटलं. त्यात अर्धा तास गेला.

"लेक अजून विचारते, आई, तुला कळलं कसं नाही? खरंच आहे तिचं. शेजारी असून मला कळू नये?"

मिस्त्रीच्या बायकोने त्यांचा हात धरला, कुणालाच कळलं नसतं म्हणाली. फ्यूजनेही री ओढली की आमच्यासमोर तर गडी ठणठणीत होता. मिस्त्री ताटातल्या माशाचे काटे काढत राहिला. तो वाईट माणूस नव्हता, पण भित्रा होता, आणि या भित्रेपणाला तो शब्द पाळणं म्हणत आला होता. आता बोललं तर ही बाई पुन्हा आपलं तोंड बघणार नाही. नाही बोललं तर दुसऱ्याचा दोष ती जन्मभर स्वतःच्या डोक्यावर घेऊन बसेल. त्याला स्वतःची लाज वाटली.

रविवारी सकाळी बाकीचे दोघं आवराआवर करत होते. वहिनींना निघण्यापूर्वी एकदा खाली जाऊन यायचं होतं. मिस्त्री बरोबर गेला. परत चढताना त्यांना दम लागला आणि त्या टेकल्या. मिस्त्री दोन पायऱ्या खाली उभा राहिला आणि समुद्राकडे बघत, अडखळत, सगळं बोलून गेला.

 वहिनींनी एकेक विचारलं. कुठला हात? पाणी दिलंत का? उठवलं कुणी? मिस्त्री एकेका शब्दात उत्तरं देत गेला.

"म्हणजे मी गोळी शोधत होते, तेव्हा तुम्हाला माहीत होतं, भावजी."

"हो."

"सांगू नको म्हणाले, म्हणून नाही सांगितलंत?"

"हो."

"आणि ते गेल्यावर? दर रविवारी घरी येत होतात. नळ दुरुस्त केलात, बल्ब बदललेत, माझ्या हातचा चहा प्यायलात. तेव्हा कोण अडवत होतं तुम्हाला?"

 वहिनी रडल्या नाहीत. त्यांनी पर्समधून फोन काढला, नंबर लावला आणि त्याच्या हातात दिला.

"लेकीला सांगा. मी सांगितलं तर तिला वाटेल, आई स्वतःची सुटका करून घेतेय."

"आई, निघालात का?" पलीकडून आवाज आला.

"मी बोलतोय. काका."

"काका, तुम्ही आहात होय. बरं झालं. आईकडे बघा हं जरा. बाबा गेल्यापासून आम्हाला तुमचाच आधार आहे."

वहिनी त्याच्या तोंडाकडे बघत होत्या. मिस्त्री खाली बसला.

"बाळा," तो म्हणाला, "आधी माझं सगळं ऐकून घे. आधार नंतर म्हण."