भिकाजी शिवलकरांचा क्ष-किरण कॅमेरा

भिकाजी शिवलकरांची आठवण निघाली की मला आधी राग येतो आणि मग वाईट वाटतं. इतका हुशार आणि इतका हेकट माणूस मी रत्नागिरीत दुसरा पाहिला नाही. बाप गलबतावरचा तांडेल. मुलगा मात्र शिकत शिकत कलकत्त्याच्या प्रयोगशाळेत पोचला आणि तिथं क्ष-किरणांची यंत्रं बनवू लागला. हाडांचे फोटो काढायची नव्हेत, तर धातू, क्षार, माती आतून कशी रचलेली आहे ते दाखवणारी. त्या किरणांनी त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटं कायमची काळी केली होती. सन तीसच्या सुमाराला बाप वारला, आई हौसाबाई रत्नागिरीजवळच्या भाट्याला एकटी पडली, म्हणून भिकाजी परत आले आणि आमच्या शाळेत सायन्स शिकवू लागले. मी तिथंच इंग्रजी शिकवत होतो.

शाळेत त्यांचं मन रमेना. शाळा सुटली की ते भाताच्या गिरणीमागच्या खोलीत शिरत. गिरणीच्या तेल-इंजिनाला डायनामो जोडून त्यांनी क्ष-किरणांची नळी चालू केली होती. कॅमेरा त्यांनी स्वतः घडवला: मिसळणाच्या डब्यासारखा गोल पितळी डबा, मधोमध केसासारखी काचेची काडी, तिच्या टोकाला पदार्थाची चिमूट, आणि आतून गोलाकार बसवलेली फिल्म. किरण चिमटीवर पडले की फिल्मवर कमानी उमटत. प्रत्येक पदार्थाच्या कमानी वेगळ्या.

मग कलकत्त्याच्या त्याच प्रयोगशाळेतल्या प्रोफेसर घोषालांचं पत्र आलं. ते मुंबईला येणार होते, तिथून बोटीनं दसऱ्याला रत्नागिरीत. कॅमेरा पसंत पडला तर भिकाजींना क्ष-किरण विभागाचा प्रमुख करून नेणार होते. भिकाजींची झोप उडाली. आईही म्हणत होती, "जा बाबा, माझ्यापायी हितं कुजू नको."

गलबताच्या नांगराची एक जुनी साखळी कित्येक वर्षं खाऱ्या पाण्यात राहूनही गंजली नव्हती. तिचाच कीस भिकाजींनी दसऱ्याच्या आदल्या दिवशी काडीला चिकटवला. ती खंडेनवमी होती. गिरणी बंद, इंजिन धुऊन पुसून, झेंडूची माळ घालून पुजलेलं. भिकाजी बोटीची चौकशी करायला बंदरावर गेले होते. दसऱ्याला पहाटे त्यांनी अंधाऱ्या खोलीत चाचपडतच फिल्म बसवली, डबा बंद केला आणि इंजिन सुरू केलं.

संध्याकाळी ओली फिल्म दिव्यासमोर धरली तेव्हा मी तिथंच होतो. दुपारच्या बोटीनं आलेले घोषाल भिंग घेऊन वाकले आणि एकेक कमान मोजू लागले.

"लोखंडाच्या कमानी आहेतच," शेवटी घोषाल इंग्रजीत म्हणाले, "पण या दुसऱ्या कुठल्या? लोखंडात काहीतरी नवीन आहे, शिवलकर! न गंजण्याचं कारण हेच. आपण दोघांच्या नावानं छापू. सामान बांधा, उद्याच्या बोटीनं चला."

मी आनंदानं भिकाजींच्या पाठीवर थाप मारली. ते मात्र डबा उघडून काडीकडे बघत होते. काडीच्या टोकाला लाल कण होता.

हौसाबाई दारात सोनं घेऊन उभी होती, आपट्याची पानं पाहुण्याला द्यायला. भिकाजींनी हळूच विचारलं, "आये, काल डबा उघडलास तू?"

"उघडला तर! खंडेनवमीला हत्यार बोडकं ठेवू व्हय? नुसत्या झाकनाला काय पुजायचं? आतल्या काडीला देवीचा शेंदूर लावलाय."

शेंदरात शिसं असतं. किरणांपुढं ते लोखंडापेक्षा जोरात बोलतं; त्या नव्या कमानी त्याच्याच.

"काय म्हणतात तुमच्या मातोश्री?" घोषालांनी हसून विचारलं.

खोलीत मराठी कळणारे आम्ही तिघंच. मी भिकाजींकडे डोळे वटारून पाहिलं. आशीर्वाद देतेय, एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. भिकाजींनी शब्दन् शब्द इंग्रजीत सांगून टाकला. पुन्हा फिल्म काढतो, म्हणाले, उद्याचा दिवस थांबा.

घोषालांचा चेहरा उतरला. "कुणीही येऊन हात घालावा अशा खोलीतल्या कॅमेऱ्यावर मी विश्वास ठेवू कसा?" ते म्हणाले. दुसऱ्या दिवशी ते एकटेच बोटीत चढले. पुढच्याच आठवड्यात भिकाजींनी स्वच्छ फिल्म काढून पाठवली. कमानी फक्त लोखंडाच्या, जिथल्या तिथं. उत्तर आलं नाही. पुढं त्यांनी आणखी कॅमेरे बनवले, दोन कॉलेजांनी ते मागवून वापरलेही, पण कलकत्ता कायमचं सुटलं.

बोट गेली तेव्हा धक्क्यावर हौसाबाईनं विचारलं, "सायब काय बोललान? तुला न्हेलान का न्हाय?"

"न्हेत होता, आये," प्रोफेसरापुढं खोटं न बोलू शकलेला हा माणूस शांतपणे म्हणाला, "मीच नको म्हनलं. तुला टाकून कुठं जाऊ?"

तिनं त्याच्या पाठीत एक धपाटा घातला आणि पदरानं डोळे पुसले. मी संतापानं तोंड उघडलं, तर भिकाजींनी माझं मनगट घट्ट धरलं.

मग काय, हौसाबाई मरेपर्यंत मासळीबाजारात भेटेल त्याला सांगत राहिली, कलकत्त्याचा सायब दारात आलावता, पण माझा लेक माझ्यापायी ऱ्हायला. एकदा भिकाजींच्या देखतच तिनं मला विचारलं, "मास्तर, असा पोर कुनाला गावतो का हो?"

भिकाजी माझ्याकडे बघत होते. मी म्हणालो, "नाही गावत, हौसाबाई."