पेशींचा अभ्यास

परतूरच्या मारवाडी गल्लीत जन्माला येऊन कापसाच्या भावाकडे ढुंकूनही न पाहणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो नेमका शाळेत माझ्या बाकावर बसायचा. अख्ख्या गावाला सरकीची आणि ज्वारीची चिंता. या पठ्ठ्याला चिंता कशाची, तर मुंगी झोपते का, आणि झोपत असली तर कुठल्या कुशीवर! हे वेड लावलं पेपरानं. पेपर रेल्वेनं यायचा, तोही शिळा होऊन. त्याचे वडील, म्हणजे आमचे सेठजी, त्यातलं बाजारभावाचं पान काढून घ्यायचे. उरलेल्या पानांत कुठेतरी कोपऱ्यात विज्ञानाच्या चार ओळी असत, त्यांवर हा तुटून पडायचा. हिरवी पानं उजेडातच अन्न तयार करतात, असं एकदा छापून आलं. दुसऱ्या दिवशी स्वारी डोळे विस्फारून हजर. "अरे, दिवस बुडाला की झाड चूल पेटवतच न्हाई! झाड बिलकुल जैन हाय रे!" त्याच्या घरी सूर्यास्तानंतर अन्नाला कुणी शिवत नसे. त्या दिवसापासून तो शाळेतल्या लिंबाला येता-जाता 'जय जिनेंद्र' करू लागला. आम्ही पोट धरधरून हसलो. त्याला मात्र त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही.

पण खरा घोटाळा केला तो 'पेशी' या शब्दानं. निजामाचं राज्य नुकतंच गेलं होतं, शाळा उर्दूतून मराठीत आली होती. पण गावाची जीभ कुठे इतक्या लवकर वळते? आमच्याकडे पेशी म्हणजे कोर्टाची तारीख. सेठजींची चुलत भावाशी एका सामायिक भिंतीवरून केस चालू होती आणि बिचारे पेशीला जाऊन जाऊन टेकीला आले होते. अशात यानं दुकानातल्या गादीवर बसून मोठ्यानं वाचलं, "शरीरात जुन्या पेशी संपतात आणि नव्या तयार होतात." सेठजी उसळले, "पेपरवाल्याला हे आज कळून राह्यलं का? माझी एक संपत न्हाई, तर दुसरी लागती! शरीराचं काय, पार भुसकट झालं!" बसलेल्या गिऱ्हाइकांनीही माना डोलावल्या.

मॅट्रिक झाल्यावर औरंगाबादला कॉलेजात जायचं, मायक्रोस्कोपला डोळा लावायचा, एवढ्यासाठी त्याचा जीव नुसता टांगणीला लागला होता. सेठजींनी विचारलं, "काय शिकणार?" यानं कसाबसा धीर केला. "पेशींचा अभ्यास, बापूजी." सेठजींचा चेहरा असा उजळला म्हणता! "शाबास! घरात एक वकील पाहिजेच होता." यानं तोंड उघडलं, पुन्हा मिटलं आणि बापाच्या पाया पडला. मी शेजारीच होतो. हसू दाबता दाबता माझी पुरेवाट झाली. त्याच्या नादानं मीही तोच विषय घेतला. मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं.

कॉलेजात पहिल्याच प्रॅक्टिकलला प्राध्यापकांनी हातात काय द्यावं, तर कांदा! पेशी बघायची ती म्हणे कांद्याच्या पापुद्र्यात. याच्या घराण्यात कुणी कांद्याला बोट लावलेलं नव्हतं. नाकाला रुमाल बांधून यानं पापुद्रा काढला, मायक्रोस्कोपला डोळा लावला, आणि मग तो हलेचना. मागे पोरं खोळंबली. शेवटी प्राध्यापकांनी खांद्याला धरून बाजूला केलं तेव्हा त्याचे डोळे भरलेले होते. पोरं म्हणाली, कांदा झोंबला. कांदा कसला झोंबतोय! खोलीवर आल्यावर म्हणाला, "किती पेशी रे! एकीच्या भिंतीला दुसरी टेकून बसलेली, आन् भांडण न्हाई."

दिवाळीनंतर बेडूक आला. क्लोरोफॉर्म दिलेला, ट्रेमध्ये उताणा टाचलेला. यानं कात्री उचलली आणि खाली ठेवली. पुढच्या वेळीही तेच. "हात होत न्हाई रे," एवढंच म्हणायचा. प्राध्यापक भले माणूस, पण बेडकावाचून परीक्षा नाही, याला त्यांचाही इलाज नव्हता. त्या पोराला या जगात एकच गोष्ट शिकायची होती, आणि तिच्याच वाटेत हा बेडूक आडवा पडला होता. एक दिवस त्यानं वळकटी बांधली. मी स्टेशनवर सोडायला गेलो.

घरी गेल्यावर त्यानं खरं कारण सांगितलं, तर सेठजी हबकलेच. "वकिलीत बेडूक कापाया लावतात?" मग जरा सावरून म्हणाले, "कापला न्हाईस ना? बराबर केलंस." आणि पोराला गादीवर बसवलं.

बेडूक मी कापला. मला काहीसुद्धा वाटलं नाही. पास झालो, पुढे शिकलो, आता तोच विषय शिकवतो. पण मुलांसमोर ट्रे मांडला की त्याची फार आठवण येते. जायचं होतं त्याला, आणि पोचलो मी.

मागे परतूरला गेलो होतो. दुकानात बसवून त्यानं चहा पाजला, घरचं विचारलं. गर्दी ओसरल्यावर मात्र जवळ सरकला आणि आवाज खाली आणून म्हणाला, "एक विचारू? बेडकाच्या आत हृदय दिसलं का रे तुला?"

"दिसलं."

"चालू होतं?"

खोटं बोलावंसं वाटलं, पण त्याच्याशी ते जमेना. "चालू होतं," मी म्हणालो. "चिंचोक्याएवढं असेल. बराच वेळ चालू होतं."

त्यानं रिकामी कपबशी उचलून बाजूला ठेवली.

"मंग बरं झालं, मी न्हाई कापला ते," तो म्हणाला. आणि थोड्या वेळानं, माझ्याकडे न बघता, "पण मला पाह्याचं होतं रे."