फेब्रुवारीच्या शाळवातला खंदक

आमच्या मंडळात एखाद्याला हसायचं ठरलं की आधी त्याला व्याख्यान द्यायला लावतात. त्या वर्षी पाळी काकांची होती. निवृत्त सिव्हिल इंजिनिअर, इथं अमेरिकेत, कॅरी गावात, आमच्या घरापासून दोन वळणं पुढे राहणारे. आजोळच्या शिवारात यादवकाळातलं एक बेचिराग गाव, म्हणजे माणसं उठून गेलेलं आणि कागदोपत्री नावापुरतं उरलेलं गाव, गढीभोवतीच्या खंदकासकट आपल्याला आकाशातून घेतलेल्या फोटोत सापडलंय, असं त्यांचं म्हणणं. पुरातत्त्व खात्याला पाठवायचं पत्रही तयार होतं. त्याआधी मी एकदा बघावं, एवढीच त्यांची इच्छा. असले फोटो वाचण्यावरच माझं पोट.

त्यांचा फोटो ऑक्टोबरातला, सगळं हिरवंगार. एक पुसट रेघ सोडली तर त्यात खंदक दिसणार कुठून? बघतो म्हणालो, आणि बघितलंही. हे तेव्हा कुणाला सांगितलं नाही. त्याच शिवाराचा फेब्रुवारीतला फोटो मी शोधून काढला. शाळू पिवळा पडलेला, आणि त्यात मधोमध हिरव्या पट्ट्याचा चौकोन. बुजलेल्या खंदकात माती खोल, ओल टिकते, पीक उशिरा वाळतं. मी शेतकऱ्याचा मुलगा. मला हे कुणी शिकवावं लागलं नाही.

व्याख्यानाला वडे हाणून बसलेली मंडळी. स्वतःच्या गावाचा तालुका ज्यांना धड सांगता येणार नाही, ते काकांच्या नकाशावर विनोद करत होते. कुणीतरी म्हणालं, एक्सपर्टना विचारा. मी उठलो.

"काका, हा शेताचा बांध आहे. याला खंदक म्हणायचं तर माझ्या बॅकयार्डात राजधानी निघेल."

हॉल हसला. काकाही हसले, लॅपटॉप मिटला. पत्र गेलंच नाही.

मंडळात फोटोंमधलं कळणारा मी एकटा होतो, आणि मला तसंच राहायचं होतं. एवढ्या फालतू मानासाठी.

इतक्या वर्षांनी परवा ते शिवार स्क्रीनवर पुन्हा उघडून बघितलं. फेब्रुवारीचा तो जुना फोटो आणि एक नवा छापला, नवा खिशात ठेवला, जुना घेऊन काकांकडे गेलो. भिंग लावून ते त्या हिरव्या चौकोनावरून बोट फिरवत राहिले.

"हा कधीचा?"

"तुमच्या व्याख्यानाच्या आधीचा."

"म्हणजे तेव्हा पाहिला होतास."

"हो."

त्यांनी भिंग खाली ठेवलं. मग टेबलाच्या खणातून ते जुनं पत्र काढलं. "उद्या पाठवतो. खाली सही कर. एक्सपर्ट ना तू?"

मग मला खिशातला फोटो काढावा लागला. यंदाचा. शिवार सपाट केलेलं, आणि बांधापासून बांधापर्यंत सोलरच्या काळ्या रांगा.