तीन गावांचे शेरे

“बदलीची मुलं अशीच असतात,” हे वाक्य जयपूरच्या आमच्या मराठी मंडळात मी इतक्यांदा ऐकलंय, की आता नुसतं आठवलं तरी शिसारी येते.

प्रतिमा दुर्गापुऱ्यात माझ्या खालच्या मजल्यावर राहायची. नवरा उमाकांत विमा कंपनीत अधिकारी. दर तीन वर्षांनी नवं गाव. मुलगी तनया, दहा वर्षांची. २००६च्या गणपतीत मंडळाचे अध्यक्ष आनंदराव तिला म्हणाले, “आरतीचं तबक धर बघू.”

“नहीं पकडूँगी. आप कौन होते हैं?” म्हणत तिनं तबक ढकललं. पेटता कापूर सतरंजीवर पडला. बायका मात्र तनयाकडे नाही, प्रतिमाकडे बघत होत्या. “आईचं वळण, दुसरं काय!”

मग उपायांचा पाऊस. कुणी अंगारा दिला, कुणी सोमवार सांगितला. मी म्हटलं, “दोन ठेवून दे.” ते तर प्रतिमानं कधीच करून पाहिलं होतं. मार खाल्ला की तनया दुसऱ्या दिवशी सूड म्हणून काहीतरी फाडायची आणि दोष दुसऱ्यावर ढकलायची.

बदलीवाल्यांच्या घरी शाळेचा एकही कागद टाकत नाहीत. पुढच्या प्रवेशाला लागतो. प्रतिमानं त्या कागदांची ट्रंक उघडली. नागपूरच्या बालवाडीचा शेरा: वाद घालते, ऐकत नाही, नवीन आहे, रुळेल. भोपाळ: तेच. जयपूर: तेच. तीन गावं आणि प्रत्येक ठिकाणी ‘रुळेल’!

राजा पार्कातल्या बालमानसतज्ज्ञांकडे उमाकांत बेधडक खोटं बोलला, “इथे आल्यापासूनच, डॉक्टरसाहेब. पाणी मानवलं नाही.” प्रतिमानं तिन्ही प्रगतिपुस्तकं टेबलावर ठेवली. डॉक्टरांनी घरचं, शाळेचं सगळं खोदून विचारलं. मग सांगितलं, हा नुसता हट्ट नाही. वर्षानुवर्षं, घरी-दारी, प्रत्येक मोठ्या माणसाशी असंच चालतं, तेव्हा तो विकार असतो. सुधारतो, पण आईवडिलांनाच वागायची नवी रीत शिकावी लागते. दर बुधवारी या.

जिन्यातच उमाकांत म्हणाला, “ऑफिसात कळता कामा नये.” पोरीबद्दल अवाक्षर नाही. प्रतिमानं हे सांगितलं, तेव्हा माझ्या तोंडाची चव गेली.

तिसऱ्या बुधवारी बदलीचा हुकूम आला. इंदूर.

निरोपाच्या सभेत आनंदराव म्हणाले, “नव्या गावी पोर सुधारेल.”

प्रतिमा उभी राहिली. “आम्ही दोघी इथेच राहणार आहोत. चौथ्या गावी मला पुन्हा ‘रुळेल’ ऐकायचं नाही.”

मग कुणीतरी पुटपुटलं, “बिचारा! हातानं करून खाणार आता.” आनंदरावांनी उमाकांतच्या त्यागाचं कौतुक केलं आणि त्याला शाल-श्रीफळ दिलं. प्रतिमाला साधं फूलही नाही.

कडकडून टाळ्या पडल्या. त्यात माझेही दोन हात होते.