पडायची तालीम

"पड ना गं. नुस्ती चालतीस काय?"

सायलीनं स्टूल तिसऱ्यांदा माझ्या वाटेत आणून ठेवलं. मी तिसऱ्यांदा त्याच्या बाजूनं निघून गेले. हॉलच्या फरशीवर बसलेल्या पोरी खिदळायला लागल्या. एकजण ओरडली, "अगं, हिला तर सगळं दिसतंय! कसली आंधळी ही?" चौथ्या खेपेला सायलीनं स्टूल ठेवलंच नाही. पाय घातला. मी तोंडावर आपटले. दात ओठात घुसला.

"हां! असंच पाहिजे," सायली म्हणाली. "शनिवारी असंच पडायचं. तीनदा. तिसऱ्यांदा मी येऊन उचलणार."

शाळेत दृष्टी सप्ताह चालला होता. सगळं पोरापोरींनीच केलेलं, शिक्षक नुस्ते बघायला. पोस्टरं रंगवली. डोळ्याला रुमाल बांधून मैदानावर शर्यती लावल्या. रुमाल सोडला की बिस्किटाचा पुडा. आणि शेवटी नाटक. नाटकात आंधळी पोरगी पाहिजे, आणि दहावीच्या वर्गात मी आयतीच होते. वर्गात माझं नावच 'कोशिंबीर'. आंधळी कोशिंबीर. गुरुजनांनाही ते माहीत होतं. एकालाही त्यात काही वावगं वाटलं नाही.

माझ्या डोळ्यांचं सांगते. मला कडेचं दिसतं. स्टूल, खड्डा, येणारी बस, सगळं कळतं. पण ज्याच्याकडं नीट बघावं, तेवढंच पुसल्यासारखं होतं. समोरच्याचं तोंड. पुस्तकातलं अक्षर. त्यामुळं मी चालते चांगली, पण वाचू शकत नाही. सरकारी दवाखान्यानं तसा दाखला दिलेला. दाखला कुणी वाचायचा? मला वाचता येत नाही, अन् ज्यांना येतं ते वाचत नव्हते.

आमचं धनगराचं घर. आबा मेंढरं घेऊन गंगापूरकडं हिंडायचे. माय चितेगावला कंपनीत डब्यांना झाकणं लावायची. आम्ही दोघी तिथंच एका खोलीत राहायचो. मी रोज जीपनं शहरात शाळेला. औरंगाबादच म्हणायचो आम्ही, अजूनही तोंडात तेच येतं. वर्गात ऐकायचं, ऐकलेलं पाठ करायचं, असं करत दहावीला पोचले. परीक्षेत शेजारची पोरगी हळूच प्रश्न वाचून दाखवायची. बोर्डाच्या परीक्षेत ते चालणार नव्हतं. तिथं लेखनिक लागणार होता. प्रश्न वाचून दाखवणारा, मी सांगेन ते लिहिणारा. त्याच्या अर्जावर मुख्याध्यापकाची सही पाहिजे होती. अर्ज दोन महिने त्यांच्या टेबलावर पडून होता.

ओठातनं रक्त येत होतं तशीच मी केबिनमध्ये गेले.

"सर, अर्जावर सही..."

"तुला लेखनिक कशाला?" सर म्हणाले. "धडधडीत चालत आलीस की आत. दारालासुद्धा थटली नाहीस. दुसऱ्याच्या डोक्यानं पास व्हायचं, दुसरं काय! तुमच्या लोकांना फुकटच्या सवलतीची सवयच लागलीय."

सर जरा मऊ झाले.

"असं कर. शनिवारी मोठे पाहुणे येतायत. नाटकात नीट पड. सायलीचे वडील आपल्या संस्थेवर आहेत, पोरगी महिनाभर खपतीये. तिचा पचका करू नकोस. कार्यक्रम झाला की सही करतो."

म्हणजे बघा. अर्जापुरतं मला दिसत होतं. स्टेजपुरतं दिसत नव्हतं. आणि मी काय म्हणाले? "हो सर" म्हणाले. आज सांगतानासुद्धा माझी मलाच चीड येते.

घरी मायला सांगितलं. तिला वाटलं, काम झालंच. तिनं भांडी बाजूला सारली, जमिनीवर वाकळ अंथरली.

"पड माय. गुडघ्यावर पड, तोंडावर नको."

मी पडले. जमलं नाही. मुद्दाम पडायला लई अवघड असतं, अंग आपोआप सावरतं. पुन्हा पडले.

"हात पुढं कर की जरासे. व्हय, आता कसं! आंधळ्यावानी दिसाया लागलीस बघ."

ती हसली. मग एकदम तोंडाला पदर लावून रडायला लागली. "एकडाव पड माय. सहीचं काम हाय." मला तिची कीव आली नाही. राग आला. तिचा, सरांचा, त्या वाकळेचा. पण पडत राहिले.

शनिवारी हॉल भरला. पाहुणे कोण होते मला ठाऊक नाही, मला तोंडं दिसत नाहीत. पहिल्या रांगेत अंध मुलींच्या वसतिगृहातनं आठ-दहा पोरी आणून बसवल्या होत्या, पाहुण्यांसोबत फोटो काढायला. मला काळा चष्मा घातला. त्यानं कडेचं दिसायचं तेही गेलं.

मी स्टेजवर गेले. पहिल्यांदा पडले. हॉल हसला. दुसऱ्यांदा पडले. स्टूल माझ्या अंगावर आलं. आता शिट्ट्या. मागून कुणीतरी ओरडलं, "ए कोशिंबीर, ऊठ!"

तेवढ्यात पहिल्या रांगेतनं एका पोरीचा आवाज आला. तिला काय चाललंय ते दिसत नव्हतं, नुस्तं धाडकन ऐकू आलं होतं. नाटकात कुणी असं मुद्दाम पडत असेल हे तिच्या ध्यानीमनीही नसावं.

"कोण पडलं?" तिनं विचारलं. "लागलं का गं तुला?"

एवढ्या मोठ्या हॉलमध्ये ते विचारणारी ती एकटी. आणि मी कुणाची नक्कल करत होते? तिचीच. तिच्यावर पाचशे माणसांना हसवत होते, एका सहीसाठी. माझे कान तापले. शरमेनं मेले मी.

चष्मा काढला. उभी राहिले. माईक चालूच होता.

"लागलं नाय," मी म्हणाले. "मला पडायला शिकवलंय. मला चालता येतं. वाचता येत नाय. पडलीस तर लेखनिकाच्या अर्जावर सही करतो, असं सर म्हणाले म्हणून पडले. आता पडत नाय."

सायली मला उचलायला हात पुढं करून आली होती. मी तिच्या बाजूनं चालत खाली उतरले.

आणि पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, हेसुद्धा नाटकातलंच! सगळा हॉल टाळ्या वाजवायला लागला. सत्य सांगितलं तरी ह्यांची करमणूकच झाली.

सोमवारी माय कंपनीत सुट्टी टाकून माझ्यासोबत केबिनमध्ये आली. "लेकरू चुकलं सर," म्हणत ती वाकायला लागली. मी तिचा दंड धरून तिला सरळ उभं केलं. सरांनी अर्ज ड्रॉवरमध्ये टाकला.

"बघू," ते म्हणाले. "तोंड लई चालतं ना तुझं? पेपरात चालव."

मुदत निघून गेली. परीक्षेला माझ्यासमोर प्रश्नपत्रिका ठेवली. पांढरा कागद, मधोमध काहीच नाही. लेखनिक मागितला. केंद्रावरच्या बाई म्हणाल्या, मंजुरी नाही. मग मी प्रत्येक पेपरात बोटाएवढ्या अक्षरात, अंदाजानं, एकच लिहिलं. 'प्रश्न वाचता आले नाहीत. लेखनिक दिला नाही.' सगळ्या विषयांत नापास झाले. आबा म्हणाले, पुरे झाली शाळा, मेंढरामागं चल. मी नाही गेले.

पुढच्या वर्षी बाहेरून बसायला सतरा नंबरचा फॉर्म भरला. केंद्र म्हणून तीच शाळा आली, सही पुन्हा त्याच सरांची. ती मिळाली नाही तेव्हा मी एकटी जीप धरून शिक्षणाच्या ऑफिसात गेले. दाखला आणि अर्ज साहेबांच्या पुढ्यात ठेवला. म्हटलं, सही का देत नाहीत ते सरांना लेखी विचारा, आणि त्यांचं लेखी उत्तर मला वाचून दाखवा.

साहेब हसले. "कशाला वाढवतीस बाळा? सरांची माफी माग, अर्ध्या तासात सही होईल."

"माफी मागत नाय," मी म्हणाले. "कागद निघाल्याशिवाय हलत नाय."

"बरं, मग बाहेर बाकड्यावर बस."

मी बाकड्यावर नाही बसले. त्यांच्या दाराच्या मधोमध, उंबऱ्यावर बसले. ज्याला आत जायचं असेल त्यानं मला वळसा घालून जावं.