फोडणी की बॉक्सिंग

बाळांनो, इथे अमेरिकेत, ॲन आर्बरच्या बस स्टॉपवर मला रोज एक नागपूरच्या बाई भेटत. नाव मी कधी विचारलं नाही. त्यांना एकटीनं थायलंडला दीर्घकाळ राहायचं होतं. त्यासाठी लागणाऱ्या व्हिसाच्या अर्जात तिथला एक क्लास निवडायचा होता, स्वयंपाकाचा किंवा बॉक्सिंगचा.

"मुलगा म्हणतो, आई, कुकिंग घे. या वयात बॉक्सिंग लिहिलंस तर रिजेक्टच करतील. अहो, जन्मभर फोडण्याच दिल्या ना! तिथंही तेच?"

त्यांनी बॉक्सिंगच लिहिलं. मग बर्फात, साडीवर जाड कोट घालून, बस येईपर्यंत त्या हवेत ठोसे मारत आणि मध्येच पदर सावरत.

आज त्या लांबूनच ओरडल्या, "मिळाला हो व्हिसा!"

त्यांनी मूठ पुढे केली. मीही माझी मूठ त्यांच्या मुठीवर आपटली. बोटं अजून दुखताहेत, तरी तुम्हाला लिहायला बसले आहे.