अकरा प्रश्नांना लागलेला वेळ

रुग्ण क्रमांक ४४१७. लिंग: स्त्री. वय: एकोणऐंशी. तक्रार: उजवा गुडघा. पूर्वीचा व्यवसाय: शर्टांच्या कारखान्यात काजं करणे. निर्णयक्षमता: नाही. निर्णय घेणारी व्यक्ती: मुलगा.

शेवटच्या दोन नोंदी दवाखान्याच्या नोंदणी कारकुनाच्या. त्याने टॅब या रुग्णाच्या, म्हणजे मावशींच्या, हातात दिला, त्या पर्समधून चष्मा काढेपर्यंत मात्र थांबला नाही. "राहू द्या आजी, तुम्हाला नाही जमायचं," म्हणत त्याने टॅब परत घेतला. पंचाहत्तरीपुढच्या सगळ्यांच्या नावापुढे तो 'निर्णयक्षमता: नाही' हीच खूण करी. ती केली की पुढचे अकरा प्रश्न आपोआप गळत आणि रांग सरके. त्यात दुष्टावा काही नव्हता. दुष्टावा असता तर मावशींनी एक वेळ सोडून दिलं असतं.

संध्याकाळी मुलाचा फोन आला.

"आई, आता दवाखान्यानेच लिहून दिलंय. तू आमच्याकडे ये. घर मी महिनाअखेर रिकामं करतो."

"घर माझं आहे."

"हो गं. पण तुला आता समजत नाही ना तेवढं."

मावशींनी फोन ठेवला. सकाळी दवाखान्यात जाऊन, ही नोंद पुसायची कशी, ते त्यांनी नर्सला विचारलं. नर्सने नियमांचा कागद दिला. टॅबवरची स्मरणशक्तीची चाचणी रुग्णाने स्वतः सोडवायची. ज्याने नोंद केली त्याने समोर बसायचं, उठायचं नाही, बोलायचं नाही; तो बोलला तर चाचणी पहिल्यापासून. पंचाहत्तरीपुढे वेळेचं बंधन नाही.

"अजिबात नाही?" मावशींनी विचारलं.

"अजिबात नाही."

मावशींनी कागद घडी करून ब्लाउजमध्ये ठेवला आणि तीन आठवड्यांनंतरचा सोमवार मागून घेतला. सोमवारी रांग जिन्यापर्यंत जाते.

पहिला प्रश्न: आज कोणता वार? मावशींनी चष्मा काढला, पुसला, उजेडात धरून पाहिला, पुन्हा पुसला.

"सोमवार, आजी," कारकून कुजबुजला.

"बोललास. आता पहिल्यापासून."

सातव्या प्रश्नात घड्याळ काढायचं होतं. मावशींनी मिनिटांच्या साठही रेघा काढल्या, दोन पसंत पडल्या नाहीत म्हणून पुसल्या. रांगेतून कोणीतरी ओरडलं, "खिडकीवर माणूस आहे की नुसता शर्ट टांगलाय?" कारकुनाचा चहा आला, त्यावर साय धरली, चहावाला कप घेऊन गेला. वरिष्ठ दोनदा येऊन कारकुनाकडे बघून गेले. दहाव्या प्रश्नावर तो रडकुंडीला आला.

"आजी, चुकलं माझं. खरंच चुकलं. हात जोडतो."

मावशींनी माफी शेवटपर्यंत ऐकून घेतली. मग चाचणी पुन्हा पहिल्यापासून लावली.

दुपारी मुलाच्या फोनवर संदेश गेला: रुग्ण क्रमांक ४४१७ संदर्भात यापुढे आपल्याला विचारणा होणार नाही. पाठोपाठ मावशींचा फोन गेला.

"घराची दुसरी किल्ली उद्या आणून दे."

"आई, पण..."

"अकराच्या आत आण. मग मी घरी नसते."

दवाखान्याच्या अहवालात नोंद झाली: गुण तीसपैकी तीस. निर्णयक्षमता: पूर्ण. लागलेला वेळ: तीन तास दहा मिनिटे. शेरा: आकलनाची गती अतिमंद.

त्याआधीचे तीन आठवडे शेजारणीच्या टॅबवर हीच चाचणी मावशी सहा मिनिटांत सोडवत.